हलकी पाने आणि हलकी जमीन

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. फाशांनी नागवलेला मनुष्य त्यात आपली दशा स्वतःच सांगतो. बायको दुरावली, सासू द्वेष करू लागली, देणे वाढले, आणि तरीही फाशांचा खडखडाट कानी पडला की पाय तिकडेच वळतात. अखेरीस त्याला उपदेश मिळतो तो असा, की फासे सोड आणि शेती कर. उपदेश उत्तम आहे. मात्र तो करणाऱ्या ऋषीच्या डोळ्यांपुढे बहुधा भरल्या नद्यांचा प्रदेश असावा. बालाघाटच्या माळरानावर दोन पावसाळे काढावे लागले असते, तर शेती म्हणजे जुगाराचे उलटे टोक, असे त्याने इतक्या निःशंकपणे म्हटले असते की नाही, ह्याची शंकाच आहे.

बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, ह्याच बालाघाटच्या कुशीत कपिलधार हे क्षेत्र आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी ह्यांची समाधी तेथे आहे. पाऊस मनाजोगता झाला तर कड्यावरून धबधबा कोसळतो. पावसाने पाठ फिरवली तर खडक कोरडाच राहतो. ह्या डोंगरपट्ट्यातला शेतकरी जूनमध्ये ओंजळभर बी घेऊन आभाळाकडे पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे जो प्रश्न उभा असतो, तोच पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात टेबलाशी बसलेल्या खेळाडूपुढेही असतो. हाती आले आहे ते आज हलके आहे. पण त्यातून पुढे मोठे काही उपजण्याचा संभव आहे. अशा वेळी पैसा घालावा की थांबावे? प्रश्न आधी पत्त्यांच्या भाषेत मांडणे सोयीचे आहे, कारण तेथे आकडे स्वच्छ मिळतात. आभाळाचे तसे नाही.

तीन पत्तीचा डाव महाराष्ट्रातील बहुतेक घरांना, निदान ऐकून तरी, ठाऊक असतो. पोकर त्याचाच दूरचा भाऊबंद. त्याचा जो प्रकार आज सर्वत्र रूढ आहे त्यात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांच्या सामाईक अशी पाच पाने उघडली जातात: प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. ह्या सात पानांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. ती भरावी, वाढवावी किंवा पाने टाकून बाजूस व्हावे. सरसनीरस ठरविण्याचा क्रम साधारण असा: जोडीपेक्षा दोन जोड्या वरचढ, त्यांपेक्षा एकाच दर्जाची तीन पाने म्हणजे तिकडी, तिच्यावर ओळीने लागलेली पाच पाने, आणि ओळीवर एकाच जातीची, म्हणजे सर्व बदाम किंवा सर्व किलवर अशी पाच पाने. त्याहूनही दुर्मिळ जुळण्या आहेत; त्यांची येथे गरज नाही.

बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोडगोळ्या होतात. एक्क्यांची जोडी किंवा राजांची जोडी हाती आली, तर विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. बावळट दिसणारी पाने, उदाहरणार्थ दुर्री आणि सत्ती, तीही वेगवेगळ्या जातींची, ह्यांच्याबद्दलही विचार नको, ती टाकावीत. विचार लागतो तो मधल्यांना. पंजीची जोडी, किंवा बदामाची छक्की आणि बदामाचीच सत्ती. ही पाने जशी आहेत तशी कोणासही हरवीत नाहीत. त्यांच्यात सत्त्व आहे ते बीजरूपाने.

ते बीज किती वेळा रुजते, हे मोजता येते. टेबलावरची पहिली तीन पाने १९,६०० प्रकारांनी पडू शकतात. हाती पंजीची जोडी असता त्यांपैकी २,३०४ प्रकारांत आणखी एक तरी पंजी उघडते. म्हणजे सुमारे साडेआठ वेळांत एकदा, किंवा सोप्या हिशेबाने सतरा वेळांत दोनदा. आता असे समजू की दर वेळी डावात येण्यास दहा रुपये पडतात आणि पंजी न उघडल्यास खेळाडू शहाणपणाने पाने टाकतो. सतरा वेळांपैकी पंधरा वेळा त्याचे दहा-दहा गेले, म्हणजे दीडशे रुपये गेले. हे दीडशे उरलेल्या दोन डावांत भरून निघावयाचे, म्हणजे साधलेल्या प्रत्येक डावात निदान पंचाहत्तर रुपये निव्वळ सुटले तर तो बरोबरीत राहिला. लाभ अजून झालाच नाही.

कच्चा खेळाडू येथेच थांबतो आणि म्हणतो की साडेसातपट मिळण्याजोगे असले की पुरे. पुरे नाही. तिकडी साधली तरी समोरच्याच्या हाती काहीच नसले, तर तो पहिल्याच बोलीला पाने टाकून मोकळा होतो आणि तिकडी तशीच पाहत राहते. क्वचित समोरच्याचीही तिकडी निघते, आणि ती पंज्यांची नसून दश्श्यांची निघते. ह्या दोन्ही तुटी धरून जाणते खेळाडू असा अंदाज ठेवतात, की आत येण्यास जेवढे पडते त्याच्या पंधरा ते वीस पट पैसा दोघांच्याही पुढ्यात असला पाहिजे. दोघांच्याही, हे शब्द महत्त्वाचे. आपल्या पुढ्यात हजार आहेत पण समोरच्यापाशी साठच उरले आहेत, तर ह्या डावापुरते आपणही साठचेच धनी. दहा रुपयांची बोली कोणी चाळीसवर नेली आणि पुढ्यात दोनशेच असले, तर पंजीची जोडी पाचपटीच्याच आशेवर उभी राहते. ती त्याच क्षणी टाकावयाची.

एकाच जातीच्या, ओळीने येणाऱ्या पानांची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि घात होतो तो बहुधा त्यांच्यापायीच, कारण ती दिसतात फार गोंडस. बदामाची छक्की-सत्ती हाती असता पहिल्या तीन उघड्या पानांतच पाच बदाम पुरे होण्याचा योग ११९ वेळांत एकदा येतो. ओळ पुरी होण्याचा सुमारे ७७ वेळांत एकदा. बहुतेक वेळा होते ते एवढेच की काम अर्धवट होते: चार बदाम झाले, एक हवा. शंभरात अकरा वेळा हे घडते. पण हे अर्धवट काम पुढे नेण्यास पुन्हा पैसा पडतो. समजा, मध्यभागी शंभर रुपये आहेत आणि समोरच्याने पन्नास लावले. न पाहिलेली सत्तेचाळीस पाने; त्यांत नऊ बदाम. म्हणजे पुढच्याच पानावर बदाम न येण्याचे अडतीस प्रकार आणि येण्याचे नऊ. ह्या प्रमाणात पन्नास रुपये घालावयाचे तर दुसऱ्या बाजूस २११ रुपये हवेत. समोर आहेत दीडशे. राहिलेले एकसष्ट रुपये अजून टेबलावर नाहीत; ते पुढच्या बोलीत समोरच्याच्या खिशातून निघतील, अशी केवळ आशा आहे. तो मनुष्य हात राखून खेळणारा असेल, तर ते निघणार नाहीत. टेबलावर तीन बदाम उघडे दिसत असता कोणीही थोडा बिचकतोच. आणि निघाले, तर कदाचित ह्याच कारणाने निघतील की त्याच्यापाशी बदामाचा राजा आहे.

त्यामुळे हलकी पाने खेळण्याजोगी केव्हा होतात, ह्याचे उत्तर पानांत सापडत नाही. ते भोवतालच्या परिस्थितीत सापडते. प्रवेश स्वस्त असावा. पुढ्यात पैसा खोल असावा. डावात बरेच जण आलेले असावेत, म्हणजे मध्यभागी भर पडते आणि साधलेल्या डावाचे मोल देणारा कोणीतरी निघतो. आणि आपली बसण्याची जागा अशी असावी की आपण सर्वांच्या शेवटी बोलतो. ही शेवटची गोष्ट नवख्यास क्षुल्लक वाटते, पण चार जणांनी काय केले हे पाहून मग पाचव्याने ठरविणे, ह्यासारखी स्वस्तातली माहिती जगात दुसरी नाही. पहिल्याच जागी बसून छक्की-सत्ती घेऊन आत शिरणारा मनुष्य, मागून कोण किती वाढविणार हे न कळता दार उघडे टाकून झोपतो. स्पर्धांतून तर बोलीची पायरी ठराविक वेळाने चढत जाते आणि पुढ्यातला पैसा तिच्या मानाने आटत जातो. सकाळी खेळण्याजोगी असलेली तीच पंजीची जोडी मध्यरात्री तशी राहत नाही.

महाभारतातील नलाख्यानात ह्या विद्येची एक मनोहर कथा आहे. द्यूतात सर्वस्व हरलेला नल राजा ऋतुपर्णाचा सारथी होऊन रथ हाकीत असता, ऋतुपर्ण वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तर संख्या बरोबर निघते. तेव्हा नल त्याला अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या घेतो, आणि नलाच्या देहातून कली बाहेर पडतो. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच करीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथेतले झाड तेथे उगीच आलेले नाही हे कळते. जुगाराच्या वेडावर कथाकाराने सुचविलेला उतारा मोजणी हा आहे, ही गोष्ट आपल्या कीर्तनकारांनी जितकी सांगावी तितकी सांगितली नाही.

मोजणी नसली की लोक गोष्टींवर चालतात. अमेरिकेत लास वेगास येथे दर वर्षी भरणाऱ्या पोकरच्या जागतिक स्पर्धेत डॉईल ब्रन्सन हा टेक्ससचा खेळाडू १९७६ साली व पुन्हा १९७७ साली अजिंक्य ठरला. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती, आणि दोन्ही वर्षी त्या भिकार पानांतून जबरदस्त जुळणी उभी राहिली. तेव्हापासून त्या पानांस त्याचेच नाव पडले. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ह्याच स्पर्धेत शेवटचा डाव पंजी आणि चौकी ह्या पानांवर जिंकला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. ह्या कथा खऱ्या आहेत. पण त्या कथा झाल्या त्या जिंकल्यामुळे. दश्शी-दुर्री घेऊन त्याच काळात किती जणांनी घरे धुतली, त्याची बखर कोणी लिहिली नाही. शिवाय, शेवटी दोनच गडी उरलेले असता पानांचे मोल निराळे असते. नऊ जणांच्या टेबलावर तोच न्याय लावणे म्हणजे कुस्तीतला डाव फौजेवर चालविणे.

आता पुन्हा बालाघाटावर. तेथल्या उथळ, मुरमाड जमिनीस शेतकरी ‘हलकी’ जमीन म्हणतात, आणि खोल काळीस ‘भारी’. भारी जमीन एक पाऊस पोटात घेऊन महिनाभर पीक जगविते. हलकी जमीन आठ दिवसांच्या उघडिपीत मान टाकते. जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेसहाशे-सातशे मिलिमीटरांच्या घरातले, पण सरासरी हा शब्द येथे फसवा आहे. १९७२ चा दुष्काळ अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे, आणि २०१२ ते २०१५ ह्या काळातील पाठोपाठच्या तुटीची वर्षे तर तरुणांनीही भोगली आहेत.

पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकणे ह्यास धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर धूळपेरणीचे पीक इतरांच्या पंधरा दिवस पुढे धावते. न आला, किंवा जेमतेम बी फुगण्यापुरता येऊन गडप झाला, तर बी मातीतच जाते आणि दुबार पेरणी कपाळी येते. ही निखालस हलकी पाने होत, आणि ती केव्हा खेळावीत ह्याची शेतकऱ्याची कसोटी पोकरच्या कसोटीहून तिळमात्र निराळी नाही. प्रवेश किती महाग? बाजरीचे बी एकरी दीड किलो लागते. ते गेले तरी मनुष्य उठून बसतो. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या खरिपासाठी ९०१ रुपये ठरली होती, एकरास अशी दोन पाकिटे, वर खत आणि मजुरी. सोयाबीनचे घरचे बी विकतच्याहून पुष्कळ स्वस्त पडते, पण ते आधी पारखावे लागते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि सत्तर तरी उगवतात की नाही हे पाहावे, ही परीक्षा कृषी खाते दर वर्षी सांगते. तेच खाते असेही सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याविना चाड्यावर मूठ धरू नये. ही सूचना म्हणजे शेवटच्या जागी बसून बोलण्याचाच सल्ला. आभाळाला आधी बोलू द्यावे.

परंतु थांबण्यासही किंमत पडते. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की मूग-उडीद पेरण्यात अर्थ उरत नाही. म्हणून जुने शेतकरी सारे शेत एका पिकावर लावीत नसत. बाजरीच्या दोन ओळी, तुरीची एक. बाजरी लवकर हाती येते. तूर खोल मुळांनी तग धरून उशिराच्या पावसावर उभी राहते. एकाच वाटपात दोन प्रकारची पाने राखण्याची ही युक्ती पोकरच्या खेळाडूस कधीच उपलब्ध नसते.

उलट, खेळाडूपाशी जे आहे ते शेतकऱ्यापाशी नाही. वर जो सतरा वेळांचा हिशेब केला, तो खेळाडू काही बैठकींत पुरा होताना पाहतो, कारण पाने तासाला वीस-पंचवीस वेळा वाटली जातात. शेतकऱ्याचे सतरा डाव म्हणजे सतरा खरीप. सरासरी सावकाश आपले काम करीत असते, आणि दरम्यान दोन मुलींची लग्ने येतात. त्याच्या पुढ्यातला पैसा खोल नसतो. पुष्कळदा तो त्याचा नसतोच. आणि मुख्य गोष्ट ही, की पाने टाकण्याची मुभा त्याला नाही. जमीन पडीक ठेवून घरी बसणे म्हणजे खेळाबाहेर राहणे नव्हे. ते तर न खेळताच हरणे.

पाने टाकण्याची मुभा असलेले काय करतात, ह्याचा दाखला ह्याच जिल्ह्याने दिला. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याच्या पीकविम्यासाठी निविदा काढल्या असता एकही विमा कंपनी पुढे आली नाही. कंपन्यांनी हिशेब केला आणि पाने टाकली. त्यांत बेकायदा काही नव्हते. तेव्हा सरकारी मालकीच्या कृषी विमा कंपनीशी निराळा करार झाला. नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा बोजा राज्य सरकारने उचलावा. आणि भरपाई ८० टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून घेऊन उरलेली रक्कम सरकारास परत करावी. हाच पुढे ‘बीड पॅटर्न’ म्हणून गाजला आणि इतर जिल्ह्यांनाही लागू झाला. जाणे आणि येणे दोन्हींस कुंपण घातल्याबरोबर जो डाव कोणी शिवत नव्हते तो खेळण्याजोगा झाला. डोंगरपट्ट्यातल्या ज्या कुटुंबाला कुंपण कोणी घालून दिले नाही, ते मात्र दर जूनला आत येतेच.

राहिला प्रश्न शहरातील घरांचा. पत्त्यांच्या जुगाराविषयी ह्या प्रांतात १८८७ सालापासून कायदा आहे, आणि त्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची ठरविली आणि तीन पत्ती नशिबाची. पोकरविषयी उच्च न्यायालयांत एकवाक्यता झाली नाही. गुजरातच्या न्यायालयाने २०१७ साली त्यास नशिबाचा खेळ म्हटले, इतरत्र निराळे मत पडले. पैसे लावून मोबाइलवर खेळण्याच्या सर्व खेळांस, कौशल्याच्या असोत वा नशिबाच्या, मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यापूर्वीच्या काही वर्षांत मात्र हे खेळ घराघरांत शिरले होते, आणि तेथे हलक्या पानांचा सगळा हिशेबच बिघडत असे. खेळ चालविणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेई, म्हणून बरोबरीत राहण्याची मर्यादा साडेसातपटीवरून आणखी वर सरके. वाटप इतके भराभर होई की पाने टाकण्याचा कंटाळा येई. आणि समोरच्याचा चेहरा, त्याची बसण्याची ढब, त्याचे थबकणे, ह्यांतले काहीच दिसत नसे. गणित जाणणाऱ्या तरुणांचीही कर्जे झाली. त्यांना साडेआठात एकदा हे पाठ होते. उरलेल्या साडेसात वेळा हात मागे घेणे पाठ नव्हते.

कपिलधारला मोठी यात्रा भरते ती कार्तिकी पौर्णिमेस. मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून दिंड्या पायी येतात. तोवर खरिपाचा निकाल बहुतेक लागलेला असतो: बाजरी घरात आली आहे, सोयाबीन विकले गेले आहे, कापसाच्या वेचण्या चालू आहेत, आणि पेरलेल्या रब्बी ज्वारीचे कोंभ वर आले आहेत. तूर तेवढी अजून फुलोऱ्यात उभी असते. तिचे पान उघडायचे असते.